आइसबॉक्सचा उलटा प्रवास

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या कासुर्डीत बसून आज आपण बिअरबद्दल बोलणार आहोत, म्हणून कुणी भुवया उंचावू नका. बिअर हे निमित्त आहे. खरा विषय आहे आइसबॉक्स. याच रस्त्यानं पुढं भिगवणला गेलात, की उजनीच्या पाण्यातली मासळी बर्फ घातलेल्या पेट्यांत भरून बाहेरगावी जाताना दिसते. दूध, आइस्क्रीम, पोलिओची लस, सगळं अशाच पेटीतून फिरतं. परदेशात घरी बिअर बनवणाऱ्यांनी हीच पेटी घेतली आणि तिच्याकडून बरोबर उलटं काम करून घेतलं. ते कसं जमलं, ते बघू.

आधी थंडीचा इतिहास थोडक्यात. बिअर आंबताना तिच्यात स्वतःचीच उष्णता तयार होते, आणि गरमीत यीस्ट बिघडतं. म्हणून एडवर्ड डायरनं आपली ब्रुअरी 1855 च्या सुमारास हिमालयात, कसौलीला काढली. मैदानी मुलखात गारवा आणायचा कुठून? एक उत्तर समुद्रातून आलं. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं 1833 मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्याला बर्फ पाठवला. सुमारे 180 टन भरला होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरेक टन शिल्लक उरला. पुढं मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी फोर्टात बर्फघर बांधलं गेलं. विषुववृत्त ओलांडून बर्फ टिकला तो लाकडाच्या भुशामुळं. भुसा काही थंड नसतो. त्यात अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, एवढंच. मग 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यानं म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी शीतयंत्रावर काम केलं आणि डोंगर, जहाज दोन्हींची गरज संपत गेली. भुसा गेला, त्याच्या जागी फोम आला. तत्त्व तेच राहिलं.

आता गंमत इथं आहे. जी भिंत उष्णता आत येऊ देत नाही, ती आतली उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. आपल्या आज्यांना हे पाठ होतं. उन्हाळ्यात बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळायची, आणि हिवाळ्यात विरजणाचं भांडं गोधडीत. अंगावरची गोधडीही उष्णता निर्माण करत नाही, आपलीच जपून ठेवते.

बिअर बनवताना पहिली पायरी गरम असते. सातूला मोड आणून तो वाळवतात, भरडतात आणि कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. मोड आलेल्या दाण्यातली विकरं पिष्टाची साखर करतात. आपल्याकडं मोडाच्या नाचणीचं पीठ घातलं की बाळाची लापशी पातळ आणि गोडसर होते, तोच हा गुण. पण इथं तापमान सांभाळावं लागतं. 62 ते 65 अंशांच्या आसपास ठेवलं तर बिअर हलकी, कोरडी होते. 68 ते 70 ला ठेवलं तर जड आणि गोडसर. त्याच्या फार वर गेलं तर विकरंच मरतात. शेगडीवर पातेलं ठेवून तासभर दोन-तीन अंशांत राहणं अवघड. आइसबॉक्समध्ये झाकण लावलं की झालं.

मग पेटी निवडायची कशी? वीस लिटर बिअरसाठी साधारण पाच किलो धान्य आणि पंधरा लिटर पाणी धरा, मिश्रण अठरा लिटरच्या थोडं वर जातं. म्हणजे तीस लिटरची पेटी पुरते. फार मोठी घेतली तर वरच्या रिकाम्या जागेत उष्णता वाया जाते. साधी थर्माकोलची पेटी चालत नाही, कारण ती गरम पाण्यानं मऊ पडते आणि गळते. आतला थर खाण्यापिण्याला चालणाऱ्या, गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा हवा. झाकण वाजवून बघा. पुष्कळ पेट्यांच्या भिंतीत फोम असतो आणि झाकण पोकळ असतं. ते फोमनं भरून घ्यावं लागतं किंवा वर जाड कापड टाकावं लागतं.

बदल दोनच. तळाशी बर्फाचं पाणी सोडायला भोक असतं, तिथं रबरी वॉशर लावून चांगला बॉल व्हॉल्व्ह बसवायचा. आत तांब्याच्या नळीला बारीक खाचा पाडून ती तळावर ठेवायची, खाचा खालच्या बाजूला. धान्य वर राहतं, गोड पाणी खाली निथळतं. पेटी आधी गरम पाण्यानं तापवून घ्यायची. धान्य 28 अंशांवर असेल आणि मिश्रण 66 वर हवं असेल, तर पाणी सुमारे 71 अंशांचं लागतं. थंडीच्या सकाळी धान्य 12 अंशांवर असेल, तर 73 च्या वर.

हा उद्योग वाढला तो कायदा बदलल्यावर. ब्रिटनमध्ये 1963 च्या अर्थसंकल्पात घरगुती बिअरवरची परवान्याची अट गेली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये सही केली आणि 1979 पासून संघराज्याच्या पातळीवर मोकळीक मिळाली. पेट्या त्याआधीच दुकानांत होत्या, सहलीला नेण्यासाठी.

आपल्याकडं चाक उलटं फिरलं. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, आणि एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी आली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. पुढं बंदी सैल झाली, परवान्यावर दुकानं आली. 2009 मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी निघाली. तिचं नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रज सैनिकांनी पाडलेल्या शब्दावरून आलेलं आहे. पण तिथं बिअर बनते ती परवान्यावर. घरात, स्वतःपुरतीसुद्धा, विनापरवाना बनवणं आजही गुन्हा आहे. शिवाय त्या कायद्याचं पासष्टावं कलम मादक पेय बनवण्यासाठी भांडी आणि साहित्य बाळगण्यालाही गुन्हा मानतं. म्हणून वरची सगळी कृती इतिहास म्हणून ऐका, उद्याचा बेत म्हणून नव्हे.

म्हणजे बघा, मासळीवाल्याची पेटी आणि बिअरवाल्याची पेटी एकाच दुकानातून येते. पेटीला उष्णता कुठून कुठं जातेय याच्याशी देणंघेणं नाही, ती दोन्हीकडून अडवते. कायद्याला मात्र विचारावं लागतं, की ही कशासाठी ठेवली आहे? वस्तू तीच, हेतू बदलला की तिची नोंद बदलते. हे योग्य की अयोग्य, यावर मतं वेगळी असतील. दारूनं ज्यांची घरं बुडाली त्या बायकांची मागणी एका बाजूला आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात काय शिजवावं हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला. आम्हाला वाटतं, या वादात दोघांनीही एवढं तरी मान्य करावं: ब्रिटन असो, अमेरिका असो की मुंबई राज्य, पेटी सगळीकडे सारखीच होती. फरक पडला तो लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहांत. बदल हवा असेल किंवा नको असेल, तर बोलायचं तिथंच.

आता प्रश्न विचारा. झाकणात फोम कसा भरायचा, हे पण विचारलं तरी चालेल. भिगवणच्या मासळीलाही त्याचा उपयोग आहे.