गार्डन रीचचा डावा पाय

खिदिरपूरच्या गोदीत जहाज शिरायचं असलं की गार्डन रीचकडे जाणारा रस्ता चक्क उभा राहतो. बास्क्युल पूल वर उचलला जातो आणि खाली दोन्ही अंगांना ट्रक, मिनीबस, टॅक्सी, हातगाड्या यांची रांग लागते. जहाज काही घाईत नसतं. इंजिनं धडधडत राहतात, पहिला गिअर पडलेला असतो आणि ‘आता सुटेल, मग सुटेल’ म्हणत चालकाचा डावा पाय क्लचवर रुतून बसतो. कोलकात्यातल्या गाड्यांच्या क्लचचं आयुष्य कुठे झिजतं ते पाहायचं, तर या रांगेत येऊन उभं राहावं.

गंमत अशी की यंत्रांशी गार्डन रीचची ओळख फार जुनी आहे, पण क्लचशी तशी अलीकडची.

नदीच्या दोन वळणांमधल्या पट्ट्याला इंग्रजीत ‘रीच’ म्हणतात. हुगळीच्या या पट्ट्यावर कंपनी सरकारच्या साहेबांचे बागबंगले होते, त्यावरून हे नाव पडलं. 1856 मध्ये अवधचं राज्य गेलेला वाजिद अली शाह इथल्या मटियाबुर्जात येऊन राहिला आणि 1887 मध्ये इथेच वारला. त्याच्या हयातीतच, 1884 मध्ये, नदीतल्या आगबोटींची डागडुजी करणारा एक छोटा कारखाना इथे सुरू झाला. आज युद्धनौका बांधणाऱ्या ‘गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स’चं मूळ तेच. 1960 मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी तिथून ‘आयएनएस अजय’ नौदलाच्या हाती गेली. स्वतंत्र भारतात बांधलेली ती पहिली युद्धनौका.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा शेजारीही इथे आहे. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्यालय गार्डन रीचमध्येच होतं. नावात नागपूर, कचेरी हुगळीकाठी! नागपूर-छत्तीसगड ही आधीची लोहमार्गाची शाखा ताब्यात घेऊन ती बंगालपर्यंत नेणं, हे या कंपनीचं पहिलं मोठं काम. 1955 पासून त्याच आवारातून दक्षिण पूर्व रेल्वेचा कारभार चालतो.

आगबोट आणि आगगाडी, दोन्ही वाफेवरच्या. वाफेच्या इंजिनाचा मोठा गुण म्हणजे ते उभ्या जागेवरून जोर लावू शकतं. चाक फिरत नसलं तरी सिलिंडरमधली वाफ दट्ट्याला पूर्ण ताकदीने ढकलते. बंगाल नागपूर रेल्वेची गॅरट इंजिनं म्हणजे लोखंडाचे डोंगरच. तरी ड्रायव्हरने वाफ सोडली की क्लचसारखी कुठलीही मधली तबकडी न घासता मालगाडी हलू लागे. चाकं घसरलीच तर रुळांवर वाळू टाकत. पुढे विजेची ट्राम आली. कोलकात्यातली पहिली विजेवरची ट्राम 27 मार्च 1902 रोजी धावली, तीही एस्प्लनेड ते खिदिरपूर, म्हणजे गार्डन रीचच्या वेशीपर्यंत. विजेची मोटारही शून्य वेगाला भरपूर ओढ देते, त्यामुळे ट्राम चालवणाऱ्यालाही क्लचचं पेडल कधी तुडवावं लागलं नाही.

पेट्रोलचं इंजिन मात्र पहिल्यापासून नाठाळ. ते आधी स्वतः फिरत असावं लागतं. ठरावीक फेऱ्यांच्या खाली गेलं की विझतं. आता इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलेली आहेत, या दोघांची गाठ झटका न देता घालायची कशी? 1886 च्या गाडीत कार्ल बेन्झने मोकळ्या कप्पीवरचा पट्टा घट्ट कप्पीवर सरकवून हा प्रश्न सोडवला. नंतर कातडं मढवलेले शंकूच्या आकाराचे क्लच आले. कातडं कडक झालं की त्याला तेल पाजायचं, तेल जास्त होऊन घसरायला लागलं की त्यावर चक्क मुलतानी मातीच्या जातीची माती भुरभुरायची! चेहऱ्याला लावायच्या मातीने मोटार चालायची, असं म्हणायला हरकत नाही.

दोन्ही बाजूंना लायनिंग लावलेली कोरडी क्लच प्लेट त्यानंतर रुळली, आणि हाताने गिअर बदलायच्या गाड्यांत आजही तीच आहे. इंजिनासोबत फिरणारं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती दाबलेली असते. पाय पूर्ण उचलला तर तिघं एकजीव फिरतात, घासण्याचा प्रश्नच नाही. पाय पूर्ण दाबला तर प्लेट सुटी होते. झीज होते ती या दोन टोकांच्या मध्ये. गाडी हलताना क्षणभर घासणं अटळ आहे, त्यासाठीच ती प्लेट आहे. पण तो क्षण मिनिटाएवढा ताणला की इंजिनाची ताकद चाकांकडे न जाता उष्णतेत जाते, लायनिंग करपतं आणि तो ओळखीचा जळका वास केबिनमध्ये येतो.

म्हणजे ‘हाफ क्लच’.

कोलकात्यात ही सवय इतकी का मुरली याचं एक उत्तर शहराच्या लाडक्या गाडीत आहे. हुगळीकाठीच, पण वरच्या अंगाला, उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना होता. तिथे 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून मे 2014 पर्यंत अ‍ॅम्बेसेडर बनली. मूळ नमुना ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डचा. जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि चार गिअरपैकी पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे दात अडकण्याआधी त्यांचे वेग जुळवणारी सोय, नाही. गाडी जराशी सरकत असताना पहिला टाकायला गेलं की दातांचा कर्रर्र आवाज. जाणता चालक डबल क्लच मारायचा: एकदा दाबून न्यूट्रल, सोडून इंजिनाला किंचित रेस, पुन्हा दाबून गिअर. पण गर्दीत दर दोन हातांवर एवढी कसरत कोण करणार? पहिला पडला आहे तो पडलेलाच राहू द्यायचा आणि गाडी क्लचवर रेंगाळत न्यायची, हा आळस त्या गिअरबॉक्सनेच शिकवला असावा. गिअरबॉक्स बदलले, नव्या गाड्यांत पहिला गिअर लोण्यासारखा पडतो. पायाची सवय मात्र उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली.

पूर्ण दाबून धरलेला क्लचही निर्दोष नसतो. तेव्हा प्लेट वाचते, पण पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर सतत भार पडतो. मॉरिस ऑक्सफर्डच्या पिढीतल्या ब्रिटिश गाड्यांत त्या जागी गोळ्यांचं बेअरिंग नसून कार्बनची कडी असे. ती फिरत्या भागावर थेट घासायची. पूल उठलेला असताना दहा मिनिटं क्लच दाबून बसणं म्हणजे ती कडी पेन्सिलीसारखी झिजवणं.

मुंबई-पुण्याच्या चालकाला क्लचची भीती वाटते ती घाटात. बोरघाटाच्या चढावर वाहतूक तुंबली की ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणारे दिसतात आणि पुढच्या वळणावर बॉनेट उघडून उभे असलेलेही दिसतात. गार्डन रीच तर नदीच्या गाळावर वसलेलं सपाट गाव. चढ असला तर पुलाचा. तिथे क्लच संपवतो तो चढ नव्हे, खोळंबा. मटियाबुर्ज ही तयार कपड्यांची मोठी बाजारपेठ, हाटाच्या दिवशी गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो. दुसरीकडून गोदीचे कंटेनर ट्रेलर. या दोहोंच्या मध्ये सापडलेली टॅक्सी मैलाला शंभर वेळा सुटते आणि थांबते. हिशेब किलोमीटरचा नसतो, सुटण्याचा असतो. त्यामुळे दोन गाड्यांचे किलोमीटर सारखे असूनही एकीची प्लेट संपते आणि महामार्गावर पळालेली दुसरी तशीच चालत राहते.

प्लेट संपत आल्याची खूण सोपी आहे. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र तिथेच. तरीही रेटत राहिलं तर लायनिंग रिव्हेटपर्यंत उतरतं, रिव्हेटची डोकी फ्लायव्हीलला चरे पाडतात आणि प्लेटच्या खर्चात फ्लायव्हीलच्या कामाची भर पडते.

तेव्हा पूल उचललेला दिसला, सिग्नल लांबला किंवा घाटात रांग लागली, तर गिअर न्यूट्रलला आणा, हँडब्रेक ओढा, थांबा फारच लांबला तर इंजिनही बंद करा. आणि गाडी धावत असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. त्याची जागा बाजूच्या मॅटवर आहे.