दावा लावला महाराजांनी

दावा लावला तो महाराजांनीच. २१ ऑक्टोबर १८६० रोजी मुंबईच्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती साप्ताहिकात संपादक करसनदास मुळजी यांचा लेख आला. वल्लभ संप्रदायातले ‘महाराज’ म्हणवले जाणारे धर्मगुरू सेवेच्या नावाखाली भक्तांच्या लेकीसुना नासवतात, असं त्यात उघड लिहिलं होतं आणि जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराजांना नाव घेऊन जाब विचारला होता. महाराजांनी १८६१ साली अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा ठोकला. मागणी पन्नास हजार रुपयांची.

महाराजांना जिंकण्याची एवढी खात्री का वाटली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. दोन-तीन वर्षांपूर्वीच मुंबईतल्या महाराजांनी मंदिराचे दरवाजे लावून घेतले होते. दर्शनाशिवाय न जेवणारी माणसं उपाशी राहिली आणि शेवटी त्यांनी एका कागदावर सह्या केल्या. महाराजांविरुद्ध कुणी लिहायचं नाही, त्यांना कोर्टात खेचायचं नाही आणि त्यांना कोर्टाच्या हजेरीतून सूट मिळावी म्हणून सरकारदरबारी खटपट करायची, अशी कलमं त्यात होती. करसनदासांनी त्याला गुलामीखत म्हटलं. त्याहून नेमका शब्द सापडणार नाही.

खटला उभा राहताच महाराजांच्या भक्तांपैकी भाटिया जातीची बैठक बसली. महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्याला वाळीत टाकायचं ठरलं. करसनदास गप्प बसले नाहीत. साक्षीदार फोडण्याच्या या कटाबद्दल त्यांनी फिर्याद केली आणि नऊ पुढाऱ्यांना दंड झाला. मूळ खटल्याआधीच लागलेला हा निकाल फार मोलाचा होता, कारण त्याने साक्षीदारांना बळ दिलं.

२५ जानेवारी १८६२ ला अपोलो स्ट्रीटवरच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू झाली. करसनदासांच्या बाजूने उभे राहिले डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मराठी माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला डॉक्टर. जदुनाथजींवर आपण गुप्तरोगासाठी उपचार केले, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. डॉ. धीरजराम दलपतराम यांचीही तशीच साक्ष झाली. पावित्र्याचं सगळं सोंग या दोन साक्षींपुढे गळून पडलं.

२२ एप्रिलला निकाल लागला. लेखातले आरोप खरे ठरले आणि करसनदासांना साडेअकरा हजार रुपये खर्च मिळाला. जे नीतीला धरून नाही ते धर्माला धरून कसं असेल, या मुद्द्यावर न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी बोट ठेवलं.

पण ज्या बायकांवर हे गुदरलं, त्या या दाव्यात पक्षकार नव्हत्याच. वादी महाराज, प्रतिवादी संपादक आणि छापखानावाले. भरपाई मागितली गेली ती महाराजांच्या अब्रूची. ज्यांचं आयुष्य नासलं, त्यांच्या नुकसानीचा आकडा त्या कोर्टात कुणी मांडलाच नाही. या विजयाचा अभिमान बाळगताना ही उणीव विसरता येत नाही.

गोष्ट जुनी झाली असं म्हणावं, तर २०२५ साली मुळशीतल्या सूस गावच्या एका बाबाला पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या बावधन पोलिसांनी अटक केली. भक्तांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून त्यांच्या खासगी आयुष्यावर नजर ठेवायची आणि तीच दिव्यदृष्टी म्हणून खपवायची, असा आरोप आहे. त्याच्यावर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लावला गेला. दैवी शक्तीची बतावणी करून ठेवलेले शरीरसंबंध हा या कायद्याने गुन्हा आहे.

आज चाकण-पिंपरीतल्या पीडितेला स्वतः वादी होता येतं, मग समोर बाबा असो, महाराज असो की पाद्री. फौजदारी खटला चालू असतानाही ती दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागू शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं. अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. पीडित मूल असेल तर बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार गुन्हा नोंदताच विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं. पुढे आरोपी सुटला तरी मुलाचं नुकसान झालं असं न्यायालयाला वाटलं, तर भरपाई मिळू शकते. मठ, मंदिर किंवा चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विश्वस्ताला काढण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे.

खरी अडचण आहे ती मुदतीची. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार लहानपणीच्या अत्याचाराबद्दलचा दिवाणी दावा फार तर एकविसाव्या वर्षापर्यंत लावता येतो. त्या वयात मुलगी आईवडिलांच्या घरी असते, आईवडील त्याच गुरूचे भक्त असतात. कॅलिफोर्नियाने २००३ साली मुदत टळलेल्यांसाठी एक वर्षाची सवलत दिली, तेव्हा कुठे शेकडो जण पुढे आले आणि २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅथलिक धर्मप्रांताने ६६ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. अशी सवलत आपल्या मुदत कायद्यात अजून नाही, आणि ती मागायला हवी.