एक छत्री, चार घरं

आमच्या आजोळी वाटणी 1988 साली झाली. वाड्याच्या मधोमध विटांची भिंत आली. एका बाजूला आण्णामामा, दुसऱ्या बाजूला बापूमामा, मागच्या सोप्यात चुलत आजोबा. गाव विजापूर जिल्ह्यातलं, भीमेच्या अलीकडे-पलीकडे करत शेती असलेलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, भांडणात दोन्ही. 2006 मध्ये आण्णामामाने गच्चीवर इंटरनेटची छत्री बसवली, आणि त्या भिंतीला वायर जाण्यापुरतं पहिलं भोक पडलं. ड्रिल मशीन शेजारच्या मास्तरांचं होतं, म्हणून चौथी वायर त्यांच्याकडे गेली.

मी तेव्हा चौदा वर्षांचा, सुट्टीला गेलेलो. आज खिशातल्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करायला दोन सेकंद लागतात. तेव्हा चार घरांत एक कनेक्शन वाटायला आमचे चार दिवस गेले. वायरच्या आठ तारा ओळीने लावायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ही ओळ मला अजून पाढ्यासारखी येते. सतराचा पाढा मात्र येत नाही.

पण त्या गावात आभाळातून आलेली गोष्ट वाटून घ्यायची ती काही पहिली वेळ नव्हती. माझे आजोबा तिथल्या शाळेत शिक्षक होते आणि 1975-76 मध्ये एका टीव्हीची किल्ली त्यांच्याकडे होती.

त्या टीव्हीची गोष्ट मोठी आहे. 1969 मध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाने अमेरिकेच्या नासाशी करार केला. नासाचा एटीएस-6 हा उपग्रह एक वर्षासाठी भारताला वापरायला मिळणार होता. हे स्वप्न विक्रम साराभाईंचं. 1971 च्या डिसेंबरात ते गेले. पुढे अहमदाबादच्या केंद्रात यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम तडीस नेलं. प्रयोगाचे व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, कोल्हापुरात जन्मलेले. आपल्याकडे रॉकेटवाल्यांची नावं पाठ असतात. गावात टीव्ही पोचवणाऱ्या या माणसाचं नाव फारसं कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रयोगाचं नाव साइट. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976. सहा राज्यांतली सुमारे 2,400 गावं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. उपग्रहावरचा अँटेना सुमारे नऊ मीटरचा होता, अवकाशात गेल्यावर उलगडणारा. वरचा कान मोठा आणि आवाज जोरकस, म्हणून खाली गावात स्वस्तातलं साधन पुरलं. ते म्हणजे तीन मीटर व्यासाची छत्री, खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. आजोबा सांगायचे, ती बसवायला माणसं आली तेव्हा गावाला वाटलं, सरकार कोंबड्या देतंय.

छत्री गावाची आणि टीव्हीही गावाचा. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास सगळ्यांसाठी. उपग्रहावरून एका चित्रासोबत दोन आवाज पाठवायची सोय होती. त्यामुळे एकाच चित्रावर आंध्रातली गावं तेलुगू ऐकायची आणि आमच्याकडची कन्नड. आजीला त्यातलं निम्मं कळायचं. खत, कुटुंबनियोजन, गुरांचे रोग, बातम्या. आणीबाणीचे दिवस होते, तेव्हा बातम्यांत काय असणार आणि काय नसणार, हे वेगळं सांगायला नको. सुरुवातीला अख्खं गाव लोटलं, पुढे गर्दी ओसरली. टिकून राहिली ती मुलं.

प्रत्येक संचाला गावातला एक राखणदार नेमलेला असे. आमच्याकडे ते आजोबा. पेटीचं कुलूप उघडणं, संच चालू करणं, वेळ झाली की बंद करणं. कोण पुढे बसणार, बायका कुठे, दलित वस्तीतली मुलं व्हरांड्यात येणार की अंगणातूनच बघणार, हे अहमदाबादच्या कुठल्याच आराखड्यात नव्हतं. ते किल्लीवाला ठरवत होता. आजोबांनी काय ठरवलं होतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

या काळातला एक किस्सा मला फार आवडतो. पृथ्वीबरोबर फिरणारा, म्हणून आभाळात एका जागी दिसणारा उपग्रह संपर्कासाठी वापरता येईल, हे 1945 च्या ऑक्टोबरात एका वायरलेसच्या मासिकात मांडलं होतं आर्थर सी. क्लार्कने. पुढे तो कोलंबोत राहायला गेला. साइटच्या वेळी इस्रोने त्याच्या घरी एक छत्री बसवून दिली. श्रीलंकेत तेव्हा टीव्ही केंद्रच नव्हतं, त्यामुळे अख्ख्या देशातून लोक त्याच्या घरी बघायला येत. कल्पना मांडणारा माणूससुद्धा शेवटी शेजाऱ्यांना घरात बसवून टीव्ही दाखवत होता.

वर्ष संपलं, उपग्रह ठरल्याप्रमाणे सरकवून परत नेला. आमच्या शाळेतल्या पडद्यावर मुंग्या आल्या. मग इन्सॅट, मग 1991 चं आखाती युद्ध आणि केबलवाले. तो सगळा काळ तुमच्या आईवडिलांना विचारा, ते मनापासून सांगतील.

परत 2006 कडे येतो. आण्णामामाचा कॉम्प्युटर क्लास होता. टेलिफोनची लाइन पावसाळ्यात मरायची आणि उन्हाळ्यात आजारी असायची. म्हणून त्याने छत्रीवालं इंटरनेट घेतलं. कंपनीचं नाव सोडून देऊ. कागदावर वेग चांगला होता.

पण उपग्रह 35,786 किलोमीटरवर. तुम्ही क्लिक केलं की मागणी वर जाते, खाली येते, मग उत्तर वर जातं, खाली येतं. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा या चार फेऱ्यांना जवळपास अर्धा सेकंद. आणि एक पान उघडायला अशी देवाणघेवाण कितीतरी वेळा. बापूमामाचा मुलगा मस्कतला होता. मामी कॉम्प्युटरवरून त्याच्याशी बोलायची तेव्हा दोघं एकाच वेळी बोलायचे, एकाच वेळी गप्प व्हायचे. शेवटी त्यांनी आपसात ठरवलं: बोलून झालं की ‘बोल’ म्हणायचं. मामी आजही मोबाइलवर वाक्याच्या शेवटी ‘बोल’ म्हणते.

चार घरांचं गणित असं होतं. कंपनी एकच पत्ता देते. आत चार मशीन. हा प्रश्न जगभर होता, कारण इंटरनेटचे जुने पत्ते सगळे मिळून सुमारे 429 कोटीच. 1994 च्या मे महिन्यात केल्द एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक टिपण लिहिलं: बाहेर एकच पत्ता दाखवा, आत हवे तितके खासगी पत्ते वापरा, आणि दारात एक मशीन बसवा जे कुणाचं काय ते लक्षात ठेवून वाटेल. आपल्याला यात नवीन काय? वाड्याला पत्र येतं ते थोरल्याच्या नावाने, केअर ऑफ. थोरला ते ज्याचं त्याला देतो. 1999 च्या विंडोज 98 च्या दुसऱ्या आवृत्तीत तर ही सोय आयती आली. दारातलं मशीन आण्णामामाच्या खोलीत होतं, आतला पत्ता 192.168.0.1. थोरला, दुसरं काय.

पहिल्याच वर्षी विजेने स्विच जाळला. परतीच्या पावसात काळा ढग आला की कनेक्शन ढगाबरोबर जायचं. वर्षातून दोनदा, शिमग्याच्या आणि नवरात्राच्या आसपास, काही दिवस ठरावीक वेळी पाचदहा मिनिटं सगळं बंद पडायचं. सूर्य बरोब्बर उपग्रहाच्या मागे येऊन छत्रीच्या डोळ्यांत बघायचा. चुलत आजोबांना हे पटलं. बाकी कशावर त्यांचा विश्वास नव्हता.

खरी कटकट होती ती महिन्याच्या मर्यादेची. ती संपली की वेग बैलगाडीचा. चारही मशीन तेच अँटीव्हायरस चार वेळा उतरवायची. म्हणून आण्णामामाने दारात प्रॉक्सी बसवली: एकाने आणलेलं पान साठवून ठेवायचं, दुसऱ्याने मागितलं तर घरातूनच द्यायचं. तोडगा चांगला होता. पण प्रॉक्सी नोंदही ठेवते, कोणत्या मशीनने किती वाजता काय उघडलं.

2007 च्या मे महिन्यात बापूमामाचे सातशे रुपये थकले होते. आण्णामामाने त्याची वायर काढली. माझी मामेबहीण त्याच वर्षी दहावीला. निकालाच्या दिवशी सकाळी आजी आण्णामामाच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली. म्हणाली, ‘वाटणीत आभाळ घातलं नव्हतं.’ मामाने मुकाट्याने वायर लावली. भिंतीपलीकडे मी आणि ताई. पान उघडायला चार मिनिटं लागली असतील. गणितात नापास. ताईने मॉनिटर बंद केला आणि मला शपथ घातली, संध्याकाळपर्यंत कुणाला सांगायचं नाही, पप्पांना मीच सांगणार.

जेवायच्या आत सगळ्या वाड्याला कळलं होतं. मी सांगितलं नव्हतं. आण्णामामाच्या मशीनवर तिचा नंबर आणि ते साठवलेलं पान होतं, त्याने सहज बघितलं आणि मामीला सांगितलं. त्याच्या मते त्यात गैर काही नव्हतं, घरातलीच पोरगी. ताई त्याच्याशी दोन वर्षं बोलली नाही. माझ्याशीही काही महिने बोलली नाही, कारण मीच सांगितलं असं तिला वाटत होतं. प्रॉक्सीची नोंद म्हणजे काय हे मलाच नीट कळलं ते पुढे कॉलेजात, आणि मग मी तिला फोन करून समजावलं.

आता गावात फोर-जी आहे. बरीचशी पानं कुलूपबंद येतात, दारातल्या मशीनला कोणती साइट उघडली ते कळतं, आत काय वाचलं ते नाही. जुनी छत्री गच्चीवर उताणी पडली आहे. मोठ्या मामी तिच्यात मिरच्या वाळवतात.

ताई धाराशिव जिल्ह्यात शिक्षिका आहे. 2025 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिमबरोबर धाराशिवचंही नाव होतं. हे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून जातात, त्यामुळे ‘बोल’ म्हणायची गरज उरत नाही. बातमी वाचून तिचा फोन आला. शाळेत छत्री आली तर आसपासच्या वस्तीला वाटता येईल का, किती घरांना पुरेल, राउटर कुठे ठेवायचा, असं बरंच विचारलं. मी सांगत गेलो. मग ती थांबली आणि म्हणाली, ‘आणि नोंद कोण बघणार?’