पाटी कोणाच्या भिंतीवर?

गेल्या एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, आत्याचा फोन आला. "अगं, माझी वेबसाइट उघडतच नाहीये. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, तिथे पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसते."

आत्याचं चिपळूणला छोटं दुकान आहे. कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ. २०१९ मध्ये ओळखीच्या एका मुलाने तिला वेबसाइट करून दिली होती. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याने स्वतःच्याच ईमेलवर घेतलं. पुढे तो नोकरीसाठी बाहेर गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, मुदत संपली आणि ते नाव दुसऱ्याच कोणीतरी उचललं. त्या मुलाने मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. त्यालाही हे पुढे नडेल हे ठाऊक नसावं.

जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानातल्या वह्या, बिलबुकं, पहिल्या लेबलांचे नमुने सगळं चिखलात गेलं होतं. तेव्हा आम्ही हळहळत होतो, तर आत्याच म्हणाली होती, "जाऊ दे गं, वेबसाइटवर सगळं आहे ना."

माझ्या प्रबंधाचा विषय नेमका याच्या आसपासचा. लहान व्यावसायिकाला मदत कोणी केली, आणि गिऱ्हाइकाला तो दिसला कसा? मी मूळची संख्याशास्त्राची. एम.एस्सी. करून इतिहासाकडे वळले, त्यामुळे सुरुवातीला मी तक्तेच गोळा करत बसले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३व्या फेरीत (२०१५-१६) देशातले सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग ६ कोटी ३३ लाख ८८ हजार निघाले, आणि त्यातले ६ कोटी ३० लाख ५२ हजार सूक्ष्म. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव आत्याच्या मापाचे. मी कर्ज, यंत्रं, कामगार असे रकाने पाडून तक्ता मार्गदर्शकांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "यात गिऱ्हाईक कुठे आहे?"

त्या एका प्रश्नाने माझं पहिलं वर्ष खाल्लं. पण उत्तर शोधताना जे सापडलं ते इथे लिहिते, कारण तुमच्यापैकी कोणी उद्योगांच्या इतिहासावर काम करणार असेल तर हा खड्डा तुमच्याही वाटेत येणार आहे.

सरकारी व्याख्या बघा. १९५५ मध्ये लघुउद्योग कोणाला म्हणायचं? भांडवल ५ लाखांच्या आत, आणि कामगार वीज वापरत असल्यास ५० पेक्षा कमी, वीज नसल्यास १०० पेक्षा कमी. कामगारांची अट १९६० मध्ये गेली, भांडवलाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. २००६ चा कायदा आला तरी मोजमाप यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीचंच. विक्रीची उलाढाल व्याख्येत शिरली ती थेट १ जुलै २०२० ला, उद्यम नोंदणीबरोबर. म्हणजे पासष्ट वर्षं सरकार विचारत होतं, 'तुझ्याकडे काय आहे?' 'तुझ्याकडून कोण घेतं?' हा प्रश्न व्याख्येत नव्हता.

यात सरकारला बाजाराची अक्कल नव्हती असं म्हणणं सोपं आहे, आणि मी माझ्या पहिल्या मसुद्यात तसं म्हटलंही होतं. ते चूक होतं. १९५३-५४ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने परदेशी तज्ज्ञांचा एक गट भारतभर फिरला. त्याने दिलेल्या शिफारशींत तांत्रिक सेवा देणाऱ्या संस्था होत्या, तशी विक्रीसाठी मदतही होती. १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम निघालं. त्याच वर्षी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण आणि लघुउद्योगांची समिती नेमली गेली. पण कर्वे समितीपुढची चिंता होती रोजगाराची: गिरण्या वाढल्या तर हातमागवाल्याचं काय, हातचं काम जाऊ नये म्हणून काय करायचं. त्या काळात हा प्रश्न खराच मोठा होता. त्यातूनच पुढे १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या गेल्या. यादी ४७ वस्तूंपासून सुरू झाली, आठशेच्या पार गेली आणि २०१५ मध्ये उरलेल्या वस्तू काढून संपवली गेली. आणि विक्रीच्या मदतीचं काय झालं? ती मुख्यतः सरकारी खरेदीकडे वळली. गिऱ्हाईक म्हणजे सरकारच! २०१६ मधलं सरकारी ई-बाजारपेठेचं पोर्टल बघताना मला १९५५ ची आठवण येते ती म्हणूनच. पडदा नवा, गिऱ्हाईक तेच. आत्याची फणसपोळी कोणतं खातं विकत घेणार?

मग शासनाच्या फायलींबाहेर लोकांनी गिऱ्हाईक मिळवलं कसं? इथे दोन उदाहरणं सांगते. एक स्वतःची भिंत बांधणाऱ्याचं, दुसरं भिंत नसतानाही नाव कमावणाऱ्यांचं.

पहिलं सगळ्यांना माहीत असलेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे शेतीची अवजारं बनवायला घेतली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळ जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मदत म्हटली की आपण इथेच थांबतो: राजाश्रय, जमीन, पैसा. पण त्याआधी लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळेना ही गोष्ट आहेच. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगितलं जातं. ही समजूत राजाने जमीन दिल्याने जाणारी नव्हती. १९२० मध्ये कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, शंकरराव किर्लोस्कर संपादक. कारखान्याचं वार्तापत्र म्हणून निघालेल्या त्या अंकाचं पुढे मराठीतलं नावाजलेलं 'किर्लोस्कर' मासिक झालं. आपण ते साहित्याच्या इतिहासात वाचतो. मला मात्र त्यात आधी एक कारखानदार दिसतो, ज्याने गिऱ्हाइकाशी बोलायला स्वतःची जागा तयार केली. अर्थात किर्लोस्कर तेव्हा लहान राहिले नव्हते. स्वतःचं मासिक काढणं प्रत्येकाला झेपणारं नव्हतंच.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका जुन्या इमारतीची गच्ची. सात गुजराती गृहिणींनी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून घेतलेल्या ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवसाची चार पाकिटं, आणि माल गेला भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. आता ही संस्था १९५५ च्या व्याख्येत बसवून बघा. यंत्र म्हणजे पोळपाट-लाटणं. कारखाना म्हणजे प्रत्येकीचं घर. 'लिज्जत' हे नाव १९६२ मध्ये आलं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली १९६६ मध्ये. हा क्रम लक्षात घ्या: आधी गिऱ्हाईक, मग नाव, मग सरकार. माझा तक्ता उलट्या क्रमाने लावला होता. त्यात मदत हे कारण होतं आणि धंद्याचं दिसणं हा परिणाम. लिज्जतमध्ये मदत ओळखीच्या मागून चालत आली. एका उदाहरणावरून नियम काढायचा नसतो, हे संख्याशास्त्रवालीला कोणी सांगायला नको. पण एक उदाहरण गृहीतकाला सुरुंग लावायला पुरतं.

आता इंटरनेटकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि वर्षभरातच, १९९६ मध्ये, इंडियामार्ट आणि जस्टडायल ही दोन्ही नावं आली. यातलं जस्टडायल सुरुवातीला फोनवर चालायचं. मुंबईत एका नंबरवर फोन करायचा, 'दादरला प्लंबर पाहिजे' म्हणायचं, आणि पलीकडचा माणूस नावं सांगायचा. म्हणजे लहान व्यावसायिक पडद्यावर यायच्या आधीच दुसऱ्याच्या यादीत गेला होता. त्या यादीत कोणाचं नाव आधी घ्यायचं हे यादीवाला ठरवणार, आणि वरच्या जागेला भाडं असणार. आज नकाशावर दुकान शोधताना हेच चालतं, फक्त सांगणाऱ्याचा आवाज गेला.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांचं दार तर लहानांना बराच काळ कायद्यानेच अडवलेलं होतं. हे मला अभ्यास सुरू करेपर्यंत माहीत नव्हतं. वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण तोच माल ऑनलाइन बाजारपेठेवर ठेवला की उलाढाल दहा हजार असली तरी नोंदणी लागायची. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी ही अट सुटली १ ऑक्टोबर २०२३ ला. तोवर आत्यासारख्यांनी काय केलं? व्हॉट्सॲप. त्याची व्यवसायासाठीची वेगळी आवृत्ती २०१८ मध्ये आली, पुढच्या वर्षी त्यात मालाची फोटोंसकट यादी ठेवायची सोय झाली. पैसे यूपीआयवर. माल एसटीच्या पार्सलने. माझा अंदाज असा की जीएसटीच्या या अटीने लहान विक्रेत्यांना बाजारपेठेपेक्षा गप्पांच्या खिडकीत ढकललं. हा अजून अंदाजच आहे. तो तपासायला मला विक्रेत्यांच्या मुलाखती घ्याव्या लागतील, कारण व्हॉट्सॲपवरच्या धंद्याचं दप्तर कुठल्याच ग्रंथालयात नाही.

खरी अडचण इथेच आहे. जुन्या काळासाठी मी दिवाळी अंकांतल्या जाहिराती वापरते. गावातला सराफ, छापखाना, उदबत्तीवाला, कुठला मसाला, सगळे तिथे भेटतात, पत्त्यासकट. पण मला मिळालेल्या कित्येक बांधीव खंडांत मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानंच काढून टाकलेली होती. बांधणाऱ्याच्या दृष्टीने तो कचरा! तेव्हा एक सुचवते: ग्रंथालयात गेलात की बांधीव खंडाबरोबर सुटे अंकही मागा, आणि रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा. माझ्या संग्रहातला चांगला माल रद्दीतूनच आलाय.

वेबसाइटसाठी इंटरनेट अर्काइव्हचं 'वेबॅक मशीन' आहे. २००१ पासून ते सर्वांना खुलं आहे. पत्ता टाकला की त्या पानाच्या जतन झालेल्या जुन्या प्रती तारखेनुसार दिसतात. पण एक सांभाळा. जी पानं तिथे सापडतात ती सगळ्या दुकानांचा नमुना नाहीत. ज्यांना इतर पानांवरून दुवे होते ती जास्त जतन होतात, म्हणजे आधीच ओळख असलेली. आणि पान जतन झालं म्हणजे दुकान चालू होतं असंही नाही. कितीतरी वेबसाइटी मालकाने दुकान मिटवल्यावरही मुदत संपेपर्यंत तशाच उभ्या राहतात.

आत्याच्या वेबसाइटच्या दोन प्रती मला तिथे मिळाल्या. पहिल्या पानावर तिचं नाव, दुकानाचा पत्ता, फणसपोळीचा २०२० चा भाव. फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. मालाचं पान जतनच झालेलं नव्हतं. मी तिला स्क्रीनवर ते दाखवलं, तर ती कितीतरी वेळ त्या भावाकडेच बघत होती. "एवढ्याला देत होते मी?" म्हणाली. मग म्हणाली, "आमसुलांचा फोटो चांगला होता गं. तुझ्या काकांनी काढलेला."

काका २०२२ मध्ये गेले. तो फोटो आणखी कुठे आहे का, ते आम्ही अजून शोधतोय.

नवं डोमेन आम्ही जूनमध्ये घेतलं, आत्याच्या नावावर, तिच्या ईमेलवर, तिच्याच खात्यातून पैसे भरून. पासवर्ड तिने पाठ केलाय आणि मलाही सांगायला तयार नाही. जुनं नाव परत मागायला गेलं तर जो आकडा सांगितला गेला तो ऐकून आत्या हसली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता दुधाच्या खाड्यांशेजारी निळ्या पेनाने लिहिलंय, 'नाव भरणे'. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलं की तिथेही लिहायचं, असं तिने मला बजावून ठेवलंय.