ग्रंथांचें रक्षण आणि ग्रंथांची देवघेव

ग्रंथालयाचें वर्णन करूं लागलें म्हणजे लेखकांचें लक्ष बहुधा दोन गोष्टींकडे जातें: एक इमारतीची भव्यता व दुसरी ग्रंथांची संख्या. परंतु कपाटें आणि वाचक यांच्या मध्यें एक साधेंसें टेबल असतें, त्याकडे कोणी पाहत नाहीं. त्या टेबलावर बसणारा मनुष्य पुस्तक देतो, परत घेतो, मुदत संपल्याची आठवण करून देतो, दंड मागतो आणि एखाद्या गोंधळलेल्या विद्यार्थ्यास हवें तें पुस्तक शोधूनही देतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयांत या कामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव इतिहासांत सहसा येत नाहीं. तथापि विद्यापीठांतील विद्या विद्यार्थ्यापर्यंत पोंचते कीं कपाटांतच राहते, याचा निर्णय पुष्कळ अंशीं त्याच टेबलावर होत असतो. म्हणून त्या टेबलाचा इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडावा असें आम्हीं योजिलें आहे.

या इतिहासांत एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. ग्रंथ राखावा कीं द्यावा? राखणें म्हणजे उद्यां येणाऱ्या वाचकाचा हक्क सांभाळणें. देणें म्हणजे आज समोर उभ्या असलेल्या वाचकाचा हक्क मान्य करणें. दोघेही वाचकच. म्हणून हा झगडा धर्म आणि अधर्म यांचा नसून दोन धर्मांचा आहे, आणि म्हणूनच तो कठीण आहे.

पॅरिस येथील सोर्बोन विद्यालयानें तेराव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाचें एक शहाणपणाचें उत्तर शोधिलें होतें. १२९० सालच्या यादीप्रमाणें तेथें १,०१७ ग्रंथ होते. सारे हस्तलिखित, एकेकाची किंमत मोठी. तेथील मंडळींनीं संग्रहाचे दोन भाग केले. ज्या ग्रंथांची गरज सर्वांस वारंवार पडे, ते १२८९ पासून मोठ्या दालनांत साखळीनें बांधून ठेविले. उरलेले, आणि ज्यांच्या एकाहून अधिक प्रती होत्या ते, लहान दालनांतून बाहेर नेण्यास मिळत. परक्या मनुष्यासही तारण ठेवून ग्रंथ नेतां येई. साखळी हा शब्द ऐकतांच आपणांस बंदिवास आठवतो. पण येथें तिचा हेतु वाचकास दूर ठेवण्याचा नव्हता. एकानें ग्रंथ उचलून नेऊन इतर दहांस वंचित करूं नये, एवढाच होता. आजही परीक्षा जवळ आली म्हणजे कॉलेजांतील ग्रंथपाल नेमलेलीं पुस्तकें घरीं न देतां वाचनालयांतच वाचावयास ठेवितो. लोखंड गेलें, युक्ति तीच राहिली आहे.

ऑक्सफर्ड येथें मात्र याहून कडक मार्ग पत्करला गेला. सर टॉमस बॉडली यानें तेथील उजाड झालेल्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धार करून तें १६०२ सालीं उघडलें. त्याचा नियम असा कीं, वाचकानें तेथें बसून वाटेल तितकें वाचावें, पण ग्रंथ बाहेर नेऊं नये. १६४५ सालीं यादवी युद्ध चालू असतां पहिल्या चार्ल्स राजाचा मुक्काम ऑक्सफर्ड येथेंच होता. त्यानें ओबिन्ये या फ्रेंच लेखकाचा इतिहास वाचावयास मागविला. ग्रंथपाल जॉन राउस हा नियमांची पोथी घेऊन राजाकडे गेला. राजानें नियम पाहिले आणि ते पाळले पाहिजेत असें म्हणून आपली मागणी सोडून दिली. पुढें राजाचा शिरच्छेद झाला आणि सत्ता क्रॉमवेलच्या हातीं आली. त्यानें १६५४ सालीं पोर्तुगालच्या वकिलासाठीं एक हस्तलिखित मागितलें. तोंवर राउसही निवर्तला होता. परंतु उत्तर बदललें नाहीं, आणि क्रॉमवेलनेंही तें मानलें.

या गोष्टींत आम्हांस नियमाच्या कडकपणापेक्षां त्याचा निःपक्षपातीपणा अधिक मोलाचा वाटतो. नियम कितीही चांगला असला तरी तो थोरांस वाकतो असें एकदां दिसलें कीं लहानांस तो जाच वाटूं लागतो. जेथें प्राध्यापकाची मुदत न विचारतां वाढते आणि विद्यार्थ्याचा दंड मात्र पैनपै वसूल होतो, तेथें ग्रंथ वेळेवर परत येण्याची आशाच करूं नये. असें असलें तरी एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. राजास जें नाकारलें गेलें, तेंच ऑक्सफर्डास राहण्याची ऐपत नसलेल्या गरीब अभ्यासकासही नाकारलें गेलें. आणि राजास दुसरें पुस्तक विकत घेतां येत होतें.

राखणें म्हणजेच रक्षण, या समजुतीस अमेरिकेंत एका रात्रीं मोठा धक्का बसला. हार्वर्ड कॉलेजास १६३८ सालीं जॉन हार्वर्ड यानें मृत्युपत्रानें आपले सुमारें चारशें ग्रंथ दिले होते. त्याच देणगीवरून कॉलेजास त्याचें नांव मिळालें. सव्वाशें वर्षांत हा संग्रह सुमारें पांच हजारांवर गेला. २४ जानेवारी १७६४ च्या रात्रीं ग्रंथालयाच्या इमारतीस आग लागली आणि कपाटांत नीट लावून ठेविलेले सारे ग्रंथ जळून गेले. वांचले ते सुमारें चारशें. म्हणजे वाचकांनीं घरीं नेलेले, किंवा नवे आलेले पण अद्याप कपाटांत न लागलेले. जॉन हार्वर्डच्या मूळ देणगीपैकीं डाउनेम या धर्मोपदेशकाचें एकच पुस्तक उरलें, आणि तेंही मुदत उलटूनही परत न आलेलें होतें! तें आणून देणाऱ्या विद्यार्थ्यास आधीं धन्यवाद व मग नियमभंगाबद्दल शिक्षा मिळाली, अशी एक गोष्ट तेथें सांगतात. पण ती केवळ दंतकथा आहे. खरी गोष्ट तिच्यावांचूनही पुरेशी बोलकी आहे. कुलपांत होतें तें गेलें. लोकांच्या घरीं होतें तें राहिलें. यावरून मुदत मोडावी असा बोध कोणी घेऊं नये. पण दिलेलें पुस्तक म्हणजे गमावलेलें पुस्तक, हा समज खोटा आहे, इतकें तरी यावरून दिसतें.

एकोणिसाव्या शतकांत वाचकांची संख्या वाढली, तेव्हां हा प्रश्न तत्त्वाचा न राहतां व्यवहाराचा झाला. पूर्वीं प्रत्येक वाचकाच्या नांवें खातेवहींत एक पान असे. वाचक थोडे तोंवर हें ठीक होतें. पण शेकडों लोक येऊं लागल्यावर एखादें पुस्तक कोणाकडे आहे हें शोधण्यास सारी वही चाळावी लागे. त्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील नीना ब्राउन या बाईंच्या नांवानें ओळखली जाणारी रीति प्रचारांत आली. वाचकास जितकीं पुस्तकें नेण्याची परवानगी, तितक्या खिशासारख्या चिठ्ठ्या त्यास द्यावयाच्या. प्रत्येक पुस्तकांत त्याचें स्वतःचें एक कार्ड असतें. पुस्तक देतांना तें कार्ड काढून वाचकाच्या चिठ्ठींत सरकवावयाचें, पुस्तकावर परतीची तारीख उमटवावयाची, आणि ही जोडी त्याच तारखेच्या मागें पेटींत उभी करावयाची. कोणतें पुस्तक, कोणाकडे, केव्हांपर्यंत, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाही अक्षराचें लेखन न करतां मिळतात. पुस्तक परत आलें कीं कार्ड पुस्तकांत जातें, चिठ्ठी वाचकाच्या हातीं येते, आणि त्यानें काय वाचलें याची खूणही मागें राहत नाहीं. आमच्या पिढींतील पुष्कळांनीं या चिठ्ठ्या हाताळल्या असतील. आतां त्यांची जागा संगणकानें घेतली आहे. तो अधिक चपळ खरा, पण तो विसरत नाहीं. अमेरिकेंत २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्यानें वाचकांच्या नोंदी मागण्याची मुभा सरकारास दिली, तेव्हां तेथील ग्रंथपालांनीं त्यास विरोध केला. काय वाचलें हें वाचकाचें गुपित आहे, ही जाणीव त्या जुन्या पेटींत आपोआपच सांभाळली जात होती.

आपल्या देशांत या टेबलास प्रतिष्ठा मिळवून देण्याचें श्रेय मद्रासकडे जातें. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणित शिकवीत असत. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि तेथील निर्जन शांतता पाहून लवकरच कंटाळले. वर्गांत परत जाण्याची त्यांनीं खटपटही केली. पण आधीं इंग्लंडास जाऊन हें शास्त्र पाहून या, असें त्यांस सांगण्यांत आलें. तेथें त्यांनीं लंडनमध्यें शिक्षण घेतलें व अनेक ग्रंथालयें हिंडून पाहिलीं. १८९४ सालीं लंडनमधील क्लार्कनवेल येथें जेम्स डफ ब्राउन यानें वाचकांस थेट कपाटांपाशीं जाऊं देण्याची मुक्तद्वार पद्धति सुरू केली होती. तिचें फळ त्यांस तेथें दिसलें. १९२५ सालीं परत आल्यावर त्यांनीं मद्रासच्या ग्रंथालयाचें रूप पालटण्यास आरंभ केला. १९३१ सालीं त्यांचे पांच नियम ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. ग्रंथ उपयोगासाठीं आहेत, हा त्यांतला पहिला. आणि वाचकाचा वेळ वांचवावा, हा चौथा. हे नियम इतके साधे आहेत कीं ते सांगावयास गणितज्ञ कशाला हवा, असें कोणासही वाटेल. पण पहिला नियम मनापासून मानला कीं ग्रंथालय गांवाच्या कोणत्या भागांत असावें, किती वाजतां उघडावें, कपाटें किती उंच असावीं, आणि टेबलावर कसा मनुष्य बसवावा, हें सारें त्यांतून क्रमानें निघतें. कपाटाची वरची फळी हाताला लागत नसेल तर तीवरचें पुस्तक उपयोगासाठीं नाहीं, हें त्यांनीं गणितासारखें सिद्ध करून दाखविलें.

महाराष्ट्राशीं या इतिहासाचा संबंध दोन प्रकारें येतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं ग्रंथालयासाठीं दोन लक्ष रुपये दिले, आणि मातोश्रींच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठीं आणखी दोन लक्ष. राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. इमारत देखणी, पण त्या काळीं विद्यापीठ परीक्षा घेई, शिकवीत नसे, आणि ज्यास स्वतःचे विद्यार्थी नाहींत त्याच्या ग्रंथालयास देवघेवीची निकड कोठून असणार? उलट बडोद्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविलें, ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग काढविला आणि खेड्यांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या. एकीकडे आधीं वास्तु, दुसरीकडे आधीं वाचक. या दोहोंतील फरक आम्हीं अधिक फोडून सांगण्याची गरज नाहीं.

शेवटीं एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. पुस्तक हरवल्यास त्याची भरपाई आपल्या पगारांतून होईल, ही भीति ज्याच्या मानेवर आहे, तो मनुष्य पुस्तक मोकळ्या हातानें कसें देईल? त्याच्या कुलपाची निंदा करणें सोपें आहे. पण तें कुलूप पुष्कळदां त्याचें नसून हिशेबतपासनिसाचें असतें. सरकारासही हें पटलें आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरांत देवघेवींत व वापरांत आलेल्या दर हजार ग्रंथांमागें पांच ग्रंथांची तूट वाजवी समजावी असें म्हटलें आहे. मात्र ती लबाडीनें वा हयगयीनें झालेली नसावी. या तुटीचें माप कपाटांतील ग्रंथांवर नसून वापरांतील ग्रंथांवर आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जो अधिक देतो, त्यास अधिक सूट.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज कॉलेजांत शिकत असतील. त्यांच्या परीक्षेच्या गुणांची चौकशी आपण करतोंच. या महिन्यांत ग्रंथालयांतून कोणतें पुस्तक आणलें, आणि तें मागतांना टेबलावरच्या माणसानें काय उत्तर दिलें, हेंही एकदां विचारून पाहावें. विद्यापीठाची खरी स्थिति त्या उत्तरावरून कळेल.