आवाज फाटतो तेव्हा

शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका तळघरातून मी तो ॲम्प्लिफायर उचलला तेव्हा त्याच्यावर बोटभर धूळ होती आणि आत कोळ्याची जाळी. विकणारे गृहस्थ पंचाहत्तरीच्या आसपासचे. ॲम्प त्यांच्या थोरल्या भावाचा. तो शनिवारी रात्री बारमध्ये गिटार वाजवायचा आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये, दोन्हीकडे याच ॲम्पवर. भाऊ गेल्यापासून ते खोकं कुणी उघडलं नव्हतं. पैसे देऊन झाल्यावर आम्ही दोघांनी ते जिन्यावरून वर आणलं. गाडीची डिकी लावताना ते म्हणाले, "सुरू झाला तर एकदा ऐकवून जा."

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षानंतर सोल्डरिंग गन हातात धरली नव्हती. गिटार बरी वाजवतो, एवढीच पात्रता. ॲम्प होता 'सिल्व्हरटोन १४८२'. न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने बनवलेला आणि सीअर्सच्या दुकानांतून व कॅटलॉगमधून विकला गेलेला. ज्यांना फेंडर परवडत नसे, त्यांच्यासाठीचा हा ॲम्प. दोन ६व्ही६ ट्यूब, साधारण १५ वॅट आणि बारा इंची एकच स्पीकर.

मागून पाहिलं तर स्पीकरच्या कागदी कोनावर, कडेजवळ, दोन इंचांची चीर होती. कुणीतरी ती लाल नेलपॉलिशने सांधली होती. नेलपॉलिश दगडासारखं कडक झालं होतं आणि जिथे ते संपत होतं तिथून नवी चीर सुरू झाली होती. स्पीकरच्या लोखंडी फ्रेमवर एक आकडा ठोकलेला होता: २२०३४२.

या आकड्याने मला नादी लावलं. अमेरिकन स्पीकरवर असे आकडे असत. पहिले तीन अंक कारखान्याचे. २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचा एक अंक वर्षाचा आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे माझा स्पीकर जेन्सनचा, '३' साली, बेचाळिसाव्या आठवड्यात बनलेला. पण कुठलं ३? १९५३ की १९६३? आपला माल दहा वर्षांनंतरही कुणी वापरत असेल, असं हा संकेत ठरवणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसावं. वायटूकेचा घोटाळा आमच्या धंद्याने शोधला असं मी समजत होतो. इथे तर वर्षाला दोन अंकही दिले नव्हते. ॲम्पचं मॉडेल साठच्या दशकातलं, म्हणून ऑक्टोबर १९६३.

मग मी कुठलाही इंजिनियर करेल ते केलं. बंद ठेवलेल्या ट्यूब ॲम्पमधले कपॅसिटरही जीवघेणा झटका देऊ शकतात, म्हणून ते काम एका जाणत्या तंत्रज्ञाकडून करून घेतलं. खराब झालेला स्पीकर काढला, नवा कोरा लावला. जुना फेकवला नाही, खोक्यात घालून ठेवला. महिन्याभराने ॲम्प घेऊन आजोबांकडे गेलो आणि वाजवून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "छान वाजतोय," म्हणाले, "पण हा त्याचा आवाज नाही."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो आणि पुढचे काही महिने स्पीकरचा इतिहास वाचत बसलो.

स्पीकर ही वस्तू आतून फार साधी आहे. चुंबकाच्या गोल फटीत तारेची बारीक गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, अधांतरी बसवलेली असते. ॲम्पकडून प्रवाह आला की ती पुढेमागे हलते आणि तिला चिकटवलेला कागदी कोन हवेला ढकलतो. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली आपल्या शोधनिबंधात मांडलेली ही रचना आजतागायत मुळातून बदललेली नाही. त्याआधी मूळचा डॅनिश असलेल्या पीटर जेन्सनने एडविन प्रिडहॅमच्या जोडीने, १९१५च्या सुमारास कॅलिफोर्नियात हलत्या कॉइलला कर्णा जोडून जाहीर सभेत आवाज पोचवून दाखवला होता. त्यातून मॅग्नाव्हॉक्स कंपनी उभी राहिली. पुढे याच जेन्सनने १९२७ साली शिकागोत स्वतःच्या नावाचा कारखाना काढला. पन्नासच्या दशकात लिओ फेंडरचे ॲम्प कॅलिफोर्नियात बनत, पण त्यांतले बरेचसे स्पीकर शिकागोहून येत. माझा स्पीकरही याच शहरातल्या कंपनीचा.

साधेपणातच त्याचं दुखणं आहे. तेवढा कागदच हलतो, म्हणून तेवढाच झिजतो. सेकंदाला शेकडो वेळा, वर्षानुवर्षं. कागद हवेतला ओलावा घेतो, पुन्हा वाळतो, कडेच्या वळ्यांपाशी ठिसूळ होतो. कॉइल तापते, तिचा गोंद सुटतो, एखादा वेढा निसटून चुंबकाला घासतो. घासतंय का ते ओळखायची युक्ती सोपी आहे. कोनावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून तो हलकेच, समान दाबाने आत ढकलायचा आणि कान लावायचा. काहीच ऐकू आलं नाही तर कॉइल मध्यावर आहे. खरखर आली तर केंद्र ढळलंय.

त्यात गिटारवाल्यांनी स्पीकरला कधी सुखाने जगू दिलं नाही. इंग्लंडमधला सेलेस्टियनचा प्रसिद्ध निळा स्पीकर १५ वॅटचा. श्रोत्यांच्या किंकाळ्यांवर मात करायला शॅडोज बँडला मोठा आवाज हवा झाला, तेव्हा व्हॉक्सने ३० वॅटचा ॲम्प काढला आणि त्यात असे दोन स्पीकर बसवले. पंधरा दुणे तीस, शिल्लक शून्य. मग जिम मार्शलने १९६५ साली 'द हू' या बँडसाठी १०० वॅटचा ॲम्प बनवला. त्या काळात एका पेटीतल्या चार स्पीकरांची ताकद प्रत्येकी २० ते २५ वॅट, आणि पूर्ण वाढवलेला ॲम्प लिहिलेल्या १०० वॅटवर थांबत नाही. आमच्याकडे सर्व्हर एवढ्या भरवशावर चालवला तर नोकरी जाईल. तिथे स्पीकर जात. कॉइलचा कागदी गाभा जळायचा, कोन फाटायचा, दौऱ्यावरचा तंत्रज्ञ नवा बसवायचा.

पण मी अडखळलो ते फाटलेल्या स्पीकरांपाशी नव्हे, तर फाटलेलेच वापरले गेले तिथे.

मार्च १९५१. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून आयक टर्नरचा बँड मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला निघाला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्पचा स्पीकर खराब झाला. कुणी म्हणतं ॲम्प गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सने कोनात कागद कोंबला आणि जे ऐकू आलं ते त्याला आवडलं. गिटारचा आवाज सॅक्सोफोनसारखा जाडसर, घोगरा येत होता. 'रॉकेट एटीएट' ही ती रेकॉर्ड जॅकी ब्रेन्स्टनच्या नावाने शिकागोच्या चेस कंपनीने काढली आणि ती रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पहिलं रॉक अँड रोल गाणं कुठलं या वादात तिचं नाव हमखास निघतं.

सात वर्षांनी लिंक रेने हेच मुद्दाम केलं. मंचावर जमलेला आवाज स्टुडिओत येईना, तेव्हा त्याने पेन्सिलीने ॲम्पच्या स्पीकरांना भोकं पाडली. १९५८ची त्याची 'रंबल' ही निव्वळ वाद्यांची रेकॉर्ड. तिच्यात एकही शब्द नाही, तरी काही रेडिओ स्टेशनांनी ती वाजवायला नकार दिला. आणि १९६४ साली लंडनच्या किंक्स बँडमधल्या सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने 'एल्पिको' नावाच्या स्वस्तातल्या हिरव्या ॲम्पचा कोन दाढीच्या ब्लेडने चिरला. तो चिरका आवाज मोठ्या ॲम्पमधून पुढे नेला आणि 'यू रिअली गॉट मी' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

दरम्यान नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात स्टुडिओच्या बिघडलेल्या चॅनलमुळे बास गिटारचा आवाज फाटला होता आणि तो तसाच ठेवला गेला. तिथल्या ध्वनिमुद्रकाने पुढे तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बनवलं आणि १९६२ साली ते 'फझ-टोन' नावाने बाजारात आलं. रोलिंग स्टोन्सच्या १९६५च्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये वाजतो तो हाच डबा. बग निघाला, फीचर झाला, त्याचं उत्पादन झालं. आम्ही हे विनोदाने म्हणतो, तिथे ते शब्दशः घडलं.

आपण मराठीत 'आवाज फाटतो' म्हणतो. गणपतीत मंडपातला स्पीकर फार वाढवला की कुणीतरी ओरडतंच, "अरे कमी कर, आवाज फाटतोय!" त्या वाक्यात फक्त तक्रार आहे. पण मी मिरजेचा. आमच्याकडे तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत दुसरीही शिकवण मिळते. तंबोऱ्याच्या घोडीवरून तार स्वच्छ सुटली तर आवाज कोरडा येतो. घोडीचा माथा घासून, तारेखाली दोरा सरकवून, तार घोडीला नेमकी किती चाटेल हे कारागीर ठरवतो. ती जवारी. घोडी झिजली की जवारी पुन्हा काढावी लागते, आणि ती कुठल्या हाताने काढली ते कान असलेल्याला कळतं. तारेचं घोडीला घासणं हा तिथे दोष नाही, तंबोऱ्याचा प्राण आहे. चिरलेला कोन आणि जवारी यांचं भौतिकशास्त्र वेगळं. पण स्वच्छ आवाज म्हणजेच बरोबर आवाज हे गृहीतक माझ्या डोक्यात मिरजेतून आलेलं नव्हतं. ते बहुधा इंजिनियरिंगमधून आलं.

गिटारचा स्पीकर तर मुळातच 'अचूक' नसतो. घरच्या हायफाय स्पीकरने वीस हजार हर्ट्झपर्यंत पोचावं अशी अपेक्षा असते. गिटारचा पाचेक हजाराच्या पुढे झपाट्याने मंदावतो. कागदाची जाडी, त्यातले तंतू, कडेचे वळसे यांनी जे गाळलं जातं त्यातून गिटारचा आवाज बनतो. म्हणजे स्पीकर हा ध्वनी पोचवणारा हमाल नाही, वाद्याचाच भाग आहे. पन्नास वर्षं वाजून मऊ झालेला कागद नव्या कागदाहून वेगळाच बोलतो.

इथे दुरुस्तीचा पेच आहे. जुन्या स्पीकरला 'रिकोन' करता येतं. कोन, कॉइल, स्पायडर सगळं खरवडून काढायचं, चुंबकाची फट साफ करायची, कॉइल मध्यावर राहावी म्हणून फटीत फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या आणि नवे भाग चिकटवायचे. स्पीकर पुन्हा पन्नास वर्षं चालेल. पण मूळचं उरतं ते चुंबक, लोखंड आणि ठोकलेला आकडा. तेच कागद, तेच गोंद आता बनत नाहीत. चुंबकांचीही तीच कथा. आल्निकोत कोबाल्ट लागतं. स्वस्त सिरॅमिक चुंबकांनी साठच्या दशकातच त्याची जागा घ्यायला सुरुवात केली होती, त्यात १९७८ साली झैरेच्या खाणपट्ट्यात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकर कंपन्यांनी आल्निकोकडे जवळपास पाठच फिरवली. आज जेन्सनच्या नावाने स्पीकर मिळतात, ते इटलीत बनतात. चांगले आहेत. माझ्या ॲम्पमध्ये मी लावलेला त्यांतलाच होता.

दुसरा मार्ग ठिगळाचा. जितकं फाटलंय तितकंच सांधायचं. मी खोक्यातला जुना स्पीकर बाहेर काढला. बोटांनी दाबून पाहिला, खरखर नव्हती. मल्टिमीटर लावला; कॉइल शाबूत. म्हणजे दुखणं कागदापुरतंच होतं.

पहिल्यांदा वाटलं, ते ओबडधोबड नेलपॉलिश खरवडावं. मग लक्षात आलं की साठ वर्षांत चीर त्याच्या आतून वाढलेली नाही; त्याच्या टोकापासून वाढली आहे. मऊ कागदावर कडक ठिगळ लावलं की सगळा ताण सीमेवर येतो. दुरुस्ती चुकली नव्हती, फक्त फार कडक होती. म्हणून नेलपॉलिश तसंच ठेवलं. नव्या चिरेवर मागच्या बाजूने कॉफीच्या गाळणीचा कागद, कडा कापून नव्हे तर फाडून, म्हणजे तंतू कोनाच्या तंतूंत मिसळतील. पांढरा गोंद पाणी घालून पातळ केलेला, ब्रशने, अगदी थोडा. गोंद जास्त झाला की कोन जड होतो आणि आवाज मंद. पहिला प्रयत्न मी एका भंगारातल्या स्पीकरवर केला आणि इतका गोंद ओतला की तो कांबळ्यात गुंडाळल्यासारखा वाजू लागला. तो धडा स्वस्तात मिळाला. या वेळी दोन पातळ थर आणि एक रात्र वाळवणं, बस.

जोरात वाजवलं की तो स्पीकर अजूनही कडेला किंचित करकरतो. ती करकर मी घालवू शकलो असतो.

मार्चमध्ये आजोबांकडे पुन्हा गेलो. बैठकीच्या खोलीत ॲम्प ठेवला, ट्यूब तापू दिल्या आणि ई मेजर वाजवला. त्यांनी हाताने खूण केली: वाढव. वाढवला. आणखी वाढव. करकर सुरू झाली तसे ते उठून ॲम्पच्या मागे गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि आत बघू लागले.

"ते लाल अजून आहे," म्हणाले. नेलपॉलिश आईचं होतं. भावाने न विचारता अख्खी बाटली संपवली होती आणि ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. चीर कशी पडली ते मी विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. किंवा सांगायचं नव्हतं. त्यांनी खुर्ची ॲम्पजवळ ओढली आणि म्हणाले, "वाजव, थांबलास का?"