पूल कोसळल्यानंतरची सहा वर्षे

गेल्या पावसाळ्यानंतर मी स्कूटर घरी ठेवून कचेरीत जाऊ लागलो. घर बेतीला, कचेरी पणजीत. पुलावरून गेले तर चार-पाच किलोमीटरचा वळसा, नदीतून गेले तर दहा मिनिटांच्या आत समोरचा काठ. धक्क्यापर्यंत चालत, मग फेरीबोट, मग पुन्हा चालत. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांना वाटले, गाडी बिघडली. दुसऱ्या आठवड्यात एकाने हळूच विचारले, "डॉक्टरांनी सांगितले का हो?"

हल्ली याला पर्यावरणपूरक प्रवास म्हणतात. माझे वडीलही सरकारी नोकरीत होते आणि कित्येक वर्षे याच मार्गाने गेले. तेव्हा त्याला काही नाव नव्हते.

आपल्या गोव्यात नदी ओलांडण्याच्या जागेला 'तार' म्हणत. म्हापशात तार आहे, शिवोलीत तार आहे. होडी हाकणारा तो तारी, आणि ते आडनाव अजून टिकून आहे. रस्ते नंतरचे. पणजी व रायबंदर यांना जोडणारा मोठा बांध लिन्यारिशच्या काउंटने, तो व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ च्या सुमारास बांधून घेतला. तीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा तो रस्ता आपण आजही वापरतो. पण बार्देशच्या बाजूला मांडवी तशीच उघडी राहिली. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात राहायला आला, १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि राज्यकारभाराची ही मुख्य इमारत नेमकी नदीच्या काठावर होती. बार्देशच्या नोकरदाराने पलीकडे पाय ठेवला की कचेरी समोर. पुढे मोटारी आल्या तरी म्हापशाहून येणारी कारेर बेतीला थांबे आणि उतारू गाझोलीनमध्ये बसून पणजी गाठत.

मुक्तीनंतर, १९७० च्या सुमारास मांडवीवर नेहरू पूल झाला. लोकांना केवढा आनंद झाला असेल! आजाऱ्याला रात्री-अपरात्री पणजीला न्यायचे तर होडीवाल्याची मनधरणी करावी लागे, हे घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकले आहे. म्हणून जुन्या प्रवासाचे गोडवे गाताना मी जरा जपून असतो.

५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला. मी तेव्हा लहान होतो. आठवते ते एवढेच, की वडील त्या दिवसांत अंधार असतानाच घरातून निघत. राष्ट्रीय महामार्ग तुटला होता. मोटारीने जायचे तर डिचोलीकडून मोठा वळसा, नाहीतर बेतीची फेरी. ऐन आषाढातला पाऊस, लाल गढूळ पाणी, आणि अर्ध्या बार्देशचे नोकरदार, विद्यार्थी, मासेवाल्या बायका, सगळे एकाच धक्क्यावर. वडील सांगत, छत्री उघडायला जागा नसे, म्हणून ती मिटूनच भिजायचे. मस्टरवर तांबडी रेघ टाळण्यासाठी दोन फेऱ्या आधीची बोट धरायची. त्यांच्या साहेबांना पूल पडल्याचे कारण पहिले चार दिवस पटले, पाचव्या दिवसापासून नाही. (साहेब स्वतः पणजीत राहत.)

नवा पूल १९९२ साली झाला. म्हणजे सहा वर्षे बार्देशातल्या हजारो माणसांनी रोज मांडवी पाण्यावरून पार केली आणि राजधानीचा कारभार चालला. या सहा वर्षांचा इतिहास कोणी नीट लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. पूल का पडला यावर लोक बोलतात, त्यानंतर माणसे कामावर कशी पोचली यावर नाही.

पुढे १९९८ साली जोडीला दुसरा पूल आला, २०१९ साली अटल सेतू आला. त्यावर दुचाकी चालत नाही हे आपणांस ठाऊक आहेच. तीन पूल झाले तरी सकाळची कोंडी सुटली नाही. पण माझ्या मते खरा फरक पुलांनी केला नाही, तो २००० साली झाला. त्या वर्षी विधानसभा पर्वरीच्या टेकडीवर गेली, सचिवालयही तिकडे गेले. धक्क्यासमोरची कचेरी महामार्गाच्या कडेला जाऊन बसली. पणजीत राहणारा माझा एक सहकारी रोज उलट दिशेने पर्वरीला जातो. त्याला मी फेरीबोटीचे गुण सांगू लागलो तेव्हा तो म्हणाला, "अरे, बेतीला उतरून मग काय करू? टेकडी चढू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. २०२४ पासून पर्वरीत उड्डाणपुलाचे काम सुरू झाल्यावर त्याचा स्कूटरवरचा वेळ आणखी वाढला.

फेरीबोटीलाही मी सोवळी समजत नाही. तीही डिझेलवरच चालते, धूर सोडते, आणि तिच्यावर बहुतेक जागा दुचाकींचीच. २०२५ साली रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो फेरी आली, तिचे कौतुक झाले तेही मुख्यतः जास्त मोटारी मावतात म्हणून. पायी जाणारा माणूस कडेला रेलून उभा असतो, त्याला तिकीटही नसते, बहुधा म्हणूनच तो हिशेबातही नसतो.

आता माझीच पर्वरीला बदली होणार अशी कुजबुज कचेरीत आहे. तसे झाले तर नदी ओलांडायचा प्रश्नच मिटला. राहिला चढ. गेल्या रविवारी बेतीहून टेकडी चालत चढून पाहिली. पस्तीस मिनिटे लागली, शर्ट पूर्ण भिजला, आणि वाटेत पदपथ असा तुकड्यातुकड्यानेच भेटला. दुसरा शर्ट पिशवीत घेऊन जायचे, असे बायकोने सुचवले आहे.